जड बोट आणि खोल समुद्र

मागच्या अंकात शिडाच्या जड बोटींविषयी लिहिलं. त्यानंतर बरीच पत्रं आली. बहुतेकांचा प्रश्न फिरून एकच होता: बोट वजनदार असली की ती समुद्रात भरवशाची असते का? निवडक पत्रांना इथे उत्तरं देतो. गव्हाणच्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण त्यातल्या प्रश्नावर माणसांचे जीव अवलंबून आहेत.

शंका : आम्ही गव्हाणचे (ता. पनवेल). आजोबांची सागवानी मासेमारीची बोट खाडीकाठी उभी आहे. इंजिन काढून टाकलंय, पण लाकूड अजून ठणठणीत आहे. बोट इतकी जड की ओढायला अख्खी आळी लागते. तिच्यावर डोलकाठी उभारून, वर केबिन बांधून लक्षद्वीपपर्यंत जाता येईल का?

समाधान : आहे त्या स्थितीत नाही. ‘आहे त्या स्थितीत’ हे शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. कारण नीट समजून घ्या, म्हणजे बोट फुकट गेली असं वाटणार नाही.

बोट पाण्यावर तरंगते तेव्हा ती आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते. हे सारलेलं पाणी बोटीच्या लांबीच्या मानाने पुष्कळ असलं, तर बोट जड जातीची म्हणायची. नुसते टन मोजून ते कळत नाही. जहाजांचे आराखडे करणारे एक साधं गणित मांडतात. जलरेषेची लांबी फुटांत घ्यायची, तिला शंभराने भागायचं, आलेल्या आकड्याचा घन करायचा आणि बोटीच्या टनांतल्या वजनाला त्या घनाने भागायचं. उत्तर दोनशेच्या आत आलं तर बोट हलकी, तीनशेच्या वर गेलं तर जड. वेस्टसेल ३२ ही अमेरिकी शिडाची बोट १९,५०० पौंडांची, म्हणजे सुमारे ८.७ ब्रिटिश टनांची. तिची जलरेषा साडेसत्तावीस फुटांची. गणित केलं की ४१८ येतात. लांबच्या सफरीची जुन्या वळणाची जड बोट म्हणतात ती ही.

आता तुमच्या बोटीकडे या. तिचं गणित केलंत तर तीही कदाचित जडच निघेल. पण वेस्टसेलच्या १९,५०० पौंडांपैकी ७,००० पौंड, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त वजन, फक्त तळाशी ठेवलेलं नीरम आहे. तेच बॅलास्ट. ते पठाणाशी, म्हणजे बोटीच्या तळाच्या कण्याशी, पाण्याच्या पातळीच्या खूप खाली असतं. लाटेने बोट आडवी पाडली तर हेच वजन तिला खेचून पुन्हा उभी करतं. तुमच्या बोटीचं वजन आहे फळ्यांत, वाकांत (आतल्या बरगड्यांत), काठात आणि वरच्या लाकडात. ते तिच्या अंगभर पसरलेलं आहे. मासेमारी चालू होती तेव्हा तळाशी बर्फ आणि मासळी भरलेली असायची, मधोमध इंजिन होतं. आजोबांच्या काळात हीच बोट स्थिर वाटायची ती या भारामुळे. आता इंजिन गेलं, भार गेला. बोट पाण्यावर उंच तरंगेल आणि वर डोलकाठी, शीड, केबिन चढवलीत की वजनाचा मध्यबिंदू आणखी वर सरकेल. ही बोट पंधरा-वीस अंशांपर्यंत छान ताठ वाटेल, कारण ती रुंद आहे. त्यापुढे ती एकदम सोडून देईल. रुंद, उघड्या बोटीचा हा स्वभावच आहे. खोल समुद्रात जाणाऱ्या बोटीने १२० अंशांपर्यंत, म्हणजे डोलकाठी पाण्याखाली गेल्यावरही, परत उठायला हवं.

दुसरी गोष्ट डेकची. लाट आत आली की ती बाहेर काढायला वेळ नसतो. सफरीच्या बोटीचं डेक वरून पूर्ण बंद, झाकणं घट्ट आणि सुकाणू धरून बसायची जागा लहान व आपोआप रिकामी होणारी असावी लागते. मासेमारीच्या बोटीत मधला भाग उघडा ठेवावाच लागतो, जाळं ओढायचं कुठून?

आपल्या जुन्या गलबतांविषयी तुम्ही शेवटी विचारलंय, की मचवे, पडाव मलबारपर्यंत जात होतेच ना? जात होते. कोकण-काठेवाडची जहाजं तर आखातापर्यंत आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत जात. पण ती ऋतू पाहून जात. ज्येष्ठ-आषाढात समुद्र खवळला की जहाजं वर ओढून शाकारायची, नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात घालायची. वादळाला तोंड देण्यापेक्षा वादळाच्या दिवसांत बंदरात राहायचं, हे आपल्या किनाऱ्याचं शहाणपण. त्यावरून बोटीचा आकार ठरला. तळ उथळ, म्हणजे ओहोटीला चिखलात सरळ बसता यावं. मुंबईच्या समुद्रात मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीत पाच मीटरच्या जवळपास फरक पडतो, आणि गव्हाण-न्हाव्याच्या खाडीत पाणी उतरलं की मैलभर चिखल दिसतो. साडेपाच फूट खोल पठाणाची बोट तिथे ठेवलीत तर दिवसातून दोनदा कलंडेल.

नॉर्वेत प्रश्न उलटा होता. तिथे कॉलिन आर्चर (१८३२-१९२१) या माणसाने बचावाच्या बोटी बांधल्या, पहिली १८९३ मध्ये पाण्यात उतरली. भर हिवाळ्यातल्या तुफानात मासेमारांच्या ताफ्याबरोबर राहायचं आणि संकटात सापडलेल्याला ओढून आणायचं, हे त्या बोटींचं काम. म्हणून त्या दोन्ही टोकांना निमुळत्या, तळाला लांब पठाण, पठाणाला जोडलेलं सुकाणू आणि खाली लोखंडाचं वजन. आज जिला जड सफरी बोट म्हणतो तिचं घराणं हे. तुमची बोट वेगळ्या घराण्यातली आहे, कमी प्रतीची मुळीच नाही. तिच्या कामासाठी ती उत्तम होती.

मग करायचं काय? बोट दुरुस्त करून तुमच्या खाडीत, मुंबई बंदराच्या आत आणि चांगल्या हवेत किनाऱ्याजवळ शिडावर चालवा. त्यासाठी डोलकाठी बुटकी ठेवा, तळाशी लोखंड किंवा दगड असे बांधून ठेवा की बोट कलंडली तरी सरकणार नाहीत. सुटं नीरम सरकलं की तेच बोट बुडवतं. बोटीची नोंद मासेमारीची असेल तर सफरीसाठी वापरण्याआधी ती महाराष्ट्र सागरी मंडळाकडे रीतसर बदलून घ्या. आणि आताच्या आता एक काम करा: ती उन्हात कोरडी पडू देऊ नका. खाऱ्या पाण्यात भिजवलेल्या गोणपाटांनी झाका. का, ते पुढच्या पत्राच्या उत्तरात कळेल.

शंका : जगाला न थांबता एकट्याने फेरी घालणारी पहिली बोट मुंबईत बांधलेली होती असं कुणीतरी सांगितलं. हे खरं आहे का? (पुणे)

समाधान : पूर्णपणे खरं आहे, आणि मराठी माणसाला हे माहीत नसतं याचं मला फार वाईट वाटतं. बोटीचं नाव सुहेली. बांधली गेली कुलाब्याला, १९ डिसेंबर १९६४ ला पाण्यात उतरली. मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, त्या वेळी ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या जहाजांवरचा तरुण अधिकारी. आराखडा अमेरिकेच्या विल्यम अ‍ॅटकिनचा, ‘एरिक’ नावाचा, १९२० च्या दशकातला. तो आर्चरच्या बचाव-बोटीवरूनच बेतलेला होता. बांधली आपल्या सुतारांनी, सागवानात, वाकस आणि दोरीने फिरवायच्या सामत्याच्या जोरावर. लांबी बत्तीस फूट, वजन नऊ-दहा टनांच्या आसपास, दोन डोलकाठ्या.

डिसेंबर १९६५ मध्ये ती मुंबईहून निघाली, आफ्रिकेला वळसा घालून इंग्लंडला गेली. १४ जून १९६८ ला ती इंग्लंडच्या फाल्मथहून, न थांबता एकट्याने जगाची फेरी घालायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरली. शर्यतीत नऊ जण निघाले. परत पोचली एकटी सुहेली, २२ एप्रिल १९६९ ला, ३१२ दिवसांनी. नायजेल टेटली यांची तीन सांगाड्यांची बोट तर फेरी जवळजवळ पुरी करून अझोर्स बेटांजवळ आल्यावर मोडली आणि बुडाली.

सुहेलीचा प्रवास सुखाचा झाला असं मात्र समजू नका. सुरुवातीच्याच काही आठवड्यांत पठाणाजवळच्या फळ्यांच्या सांध्यातून पाणी येऊ लागलं. नॉक्स-जॉन्स्टन यांनी भर समुद्रात बोटीखाली बुडी मारून फटीत कापूस ठासला, वर कॅनव्हास आणि तांब्याची पट्टी ठोकली. दक्षिणेच्या समुद्रात सप्टेंबर १९६८ मध्ये लाटेने बोट आडवी पाडली. केबिन डेकपासून हलली, पण बोट उठली. टाकीतलं गोडं पाणी खराब झालं, तेव्हा शिडावरून ओघळणारं पावसाचं पाणी साठवलं. रेडिओ बंद पडला. बोट आपोआप दिशेवर ठेवणारं यंत्र ऑस्ट्रेलियाच्या आसपास कायमचं मोडलं. पुढचा सगळा पॅसिफिक आणि अटलांटिक ती शिडांचा तोल साधून, बऱ्याचदा सुकाणूला हात न लावता चालली. लांब पठाणाच्या जड बोटीचा हा मोठा गुण आहे. एकदा दिशा धरली की ती ती सोडत नाही. एकट्या माणसाला झोपायला मिळतं.

कुलाब्याच्या कामाचं कौतुक करताना मी त्यात एक जुना धागा पाहतो. वाडियांनी मुंबईच्या गोदीत १८१७ मध्ये सागवानात बांधलेली ट्रिंकोमाली ही लढाऊ नौका आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. सागात तेल असतं. ते पाणी आत शिरू देत नाही, आतल्या खिळ्यांनाही ओकच्या मानाने कमी खातं. ओलं-सुकं झालं तरी साग फार आकसत नाही. फार नाही म्हणालो, मुळीच नाही असं नाही. सुहेली १९९७ पासून ग्रीनिचच्या संग्रहालयात ठेवली होती. तिथल्या कोरड्या हवेत तिच्या फळ्या आकसू लागल्या, म्हणून २००२ मध्ये मालकाने तिला बाहेर काढली आणि पुढे तिची मोठी दुरुस्ती केली. लाकडी बोटीचा खरा शत्रू कोरडी हवा आणि पावसाचं साठलेलं गोडं पाणी. खाऱ्या पाण्याने लाकूड सहसा कुजत नाही. गव्हाणच्या वाचकांना ओल्या गोणपाटांचं सांगितलं ते यामुळे.

शंका : जड बोट फार हळू चालते म्हणतात. किती हळू? (सानपाडा)

समाधान : आकडा सांगतो. पाणी सारत जाणाऱ्या बोटीचा वेग जलरेषेच्या लांबीवर बांधलेला असतो. लांबी फुटांत घेऊन वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा. अठ्ठावीस फुटांच्या जलरेषेला साधारण सात नॉट हा कळस. तो वारा चांगला असताना. सुहेलीने सुमारे तीस हजार मैल ३१२ दिवसांत कापले, म्हणजे सरासरी चार नॉट. त्या हिशेबाने मुंबई ते गोवा दोन-सव्वादोन दिवस लागतील. आपल्या किनाऱ्यावर मार्च-एप्रिलच्या दुपारपूर्वी वारा इतका मंद असतो की जड बोट जागची हलत नाही. त्यामुळे इंजिन लागतंच. शिवाय लांब पठाणाची बोट खाडीत वळवायला आणि मागे घ्यायला जड जाते, हे खरेदी करण्याआधी स्वतः चालवून पाहा.

एक फायदा मात्र मुंबईजवळ राहणाऱ्याने विसरू नये. बंदराबाहेर डोलजाळ्यांचे खुंट आणि दोऱ्या जागोजाग असतात. पात्यासारखा पठाण आणि मागे सुटं लटकणारं सुकाणू असलेली आधुनिक बोट त्यात अडकते, कधी सुकाणूच गमावते. सलग पठाणाची बोट दोरीवरून सरकून जाते. तरी रात्री जाळ्यांच्या पट्ट्यात शिरू नका. ती जाळी कुणाच्या तरी पोटाची असतात.

शंका : अभिलाष टॉमी यांची ‘तुरीया’ जड जातीचीच होती ना? तरी ती उलटली. मग वजनाचा उपयोग काय? (मालवण)

समाधान : प्रश्न रास्त आहे, तो टाळण्यात अर्थ नाही. तुरीया ही नौदलाचे अधिकारी टॉमी यांची बोट, सुहेलीची प्रतिकृती, गोव्याच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डने बांधलेली, २०१७ मध्ये पाण्यात उतरलेली. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत, दक्षिण हिंदी महासागरात, पर्थपासून सुमारे १९०० सागरी मैलांवर, २१ सप्टेंबरला वादळाने तिला पूर्ण गिरकी दिली. डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीला जबर मार बसला. त्याच वादळात दुसरे स्पर्धक ग्रेगर मॅकगकिन यांच्या बोटीचीही डोलकाठी गेली. टॉमींना २४ सप्टेंबरला फ्रान्सच्या ‘ओसिरिस’ या गस्ती जहाजाने उचललं.

आता हे बघा. आपल्या नौदलाच्या पी-८आय विमानाला बोट दिसली तेव्हा ती सरळ तरंगत होती. उलटली, पण परत उठली आणि तिच्या अंगात पाणी भरलं नाही. आतला माणूस तीन दिवस जिवंत राहिला तो त्यामुळे. फुटणारी लाट बोटीच्या उंचीच्या कित्येक पट असली की कोणतीही लहान बोट फिरते, वजन तिला अडवू शकत नाही. जड बोट फिरायला थोडा जास्त जोर लागतो आणि फिरल्यावर ती उठते, एवढंच तिच्याकडून अपेक्षित आहे. १९७९ च्या फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत १५ खलाशी गेले. त्यानंतरच्या अभ्यासातून कळलं की रुंद आणि हलक्या बोटी उलट्या झाल्यावर उलट्याच राहू शकतात. उलटून उठणं आणि उलटं राहणं यांत जीव जाण्या-वाचण्याचं अंतर आहे.

वजन हे सर्वस्व नाही, याचा पुरावाही आपल्याच नौदलाने दिला आहे. कमांडर दिलीप दोंदे ज्या ‘म्हादेई’तून १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघून, एकट्याने जगाची फेरी घालून १९ मे २०१० ला परतले, ती छप्पन फुटांची आणि सुमारे २३ टनांची. सुहेलीच्याच प्रमाणात तिचं वजन ठेवलं असतं तर ते पन्नास टनांच्या आसपास गेलं असतं. म्हणजे म्हादेई लांबीच्या मानाने निम्म्याने हलकी. गोव्यात दिवाडीला बांधलेल्या या बोटीचा सांगाडा सीडर लाकडाच्या पट्ट्यांचा, वर फायबरचं कवच. ज्यांनी या मोहिमेचा ध्यास घेतला ते व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी आपले साताऱ्याकडचे. पुढे याच म्हादेईतून टॉमींनी २०१२-१३ मध्ये न थांबता फेरी पुरी केली. लांब बोटीला तिची लांबीच पुष्कळ सुरक्षितता देते. बत्तीस फुटांत ती सुरक्षितता हवी असेल तर वजन घ्यावं लागतं. लहान बोट, थोडे पैसे, महिनोन्‌महिन्यांचं सामान: या तीन अटी असतील तर मी आजही जड बोटच सुचवीन. दीड टन अन्नपाणी चार टनांच्या बोटीचा कणा वाकवतं, दहा टनांच्या बोटीला ते जाणवतही नाही. २०२२ च्या गोल्डन ग्लोबमध्ये कर्स्टन नॉयशेफर पहिल्या आल्या त्या केप जॉर्ज ३६ या जुन्या वळणाच्या जड बोटीतून. अभिलाष टॉमी, पाठीच्या त्या दुखापतीनंतर, दुसरे आले.

शंका : कोणत्या महिन्यात निघावं, आणि मदत लागली तर? (ठाणे)

समाधान : डिसेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबर-नोव्हेंबरवर विसंबू नका, फयान चक्रीवादळ नोव्हेंबर २००९ मध्ये आलं. मे महिन्यावरही नको, तौक्ते मे २०२१ मध्ये आलं आणि निसर्ग ३ जून २०२० ला श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं. समुद्रातल्या संकटासाठी तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४. पण किनाऱ्यापासून थोडं दूर गेलं की मोबाइल चालत नाही, म्हणून व्हीएचएफ रेडिओ आणि उपग्रहाला संकटाचा संदेश देणारं यंत्र दोन्ही हवीत. ती नसतील तर निघू नका.

शंका : मी उरणच्या महाविद्यालयात शिकतो. बोट बांधणं शिकायचं आहे. कुठून सुरुवात करू? (उरण)

समाधान : पुस्तकातून नको. तुमच्या आसपास न्हाव्यात प्रशिक्षण जहाज रहमान आहे, तिथे व्यापारी जहाजांवरचं शिक्षण मिळतं. ते चांगलंच आहे, पण लाकडी बोटीचं बांधकाम वेगळं. ते करंजा, मोरा, न्हावा, गव्हाणच्या जुन्या सुतारांच्या हातात आहे आणि बहुतेक ठिकाणी कागदावर एक रेघही नाही. फायबरच्या बोटी आल्यापासून नवं काम फारसं निघत नाही. खाडीचा काठही भराव, रस्ते, पूल, विमानतळ यांत वेगाने बदलतो आहे. जिथे बोटी बांधल्या जात ती जागा आज बघाल, उद्या असेलच असं नाही.

म्हणून पहिली सुरुवात मोजमापाने करा. एखादी जुनी बोट निवडा, मालकाची परवानगी घ्या, सोबत त्या बोटीवर काम केलेला सुतार घ्या. पठाणाची लांबी आणि जाडी, नाळेचा (बोटीच्या पुढच्या टोकाचा) कल, दर दोन फुटांवर रुंदी आणि तळाची खोली, फळ्यांची जाडी, दोन वाकांमधलं अंतर, कोणतं लाकूड कुठे वापरलंय, हे सगळं चौकटीच्या वहीत उतरवा. प्रत्येक भागाला ते जे नाव देतात ते त्यांच्याच उच्चारात लिहा. फळी कशी वाकवली, फटीत काय ठासलं, वरून काय फासलं, ते विचारा. पूर्ण आराखडा करता आला नाही तरी चालेल, मापं नीट असली की आराखडा नंतर कुणीही काढू शकतो. ती मापं मला पाठवा. मी त्यांचं गणित करून, बोट जड की हलकी, साधारण किती कलापर्यंत टिकेल, हे तुम्हाला कळवीन. इतर गावांच्या वाचकांनाही हीच विनंती आहे. सुतार हयात असेपर्यंत हे काम उरकून घ्या.